गरज वाटल्यास

माझा उजवा गुडघा बदलण्यात आला. जुना कुठे गेला हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नव्याबरोबर तीस गोळ्या मिळाल्या. साध्यासुध्या नव्हेत, अफूच्या जातकुळीतल्या, शिक्का मारून, दोन ठिकाणी सही घेऊन दिलेल्या. चार-पाच दिवसांच्या दुखण्याला तीस कशाला, असं विचारल्यावर संगणकात तीसच येतात, असं उत्तर मिळालं. पाकिटावर छापलं होतं: "गरज वाटल्यास दर सहा तासांनी एक."

मी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. हे वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर 'वाटल्यास' खोडून मी 'असल्यास' केलं असतं. गरज असणं वेगळं आणि वाटणं वेगळं. पण तेव्हा गुडघ्यात कोणीतरी खिळे ठोकत होतं, त्यामुळे भाषेकडे माझं दुर्लक्ष झालं. आयुष्यात तेवढं एकदाच झालं आणि तेच नडलं.

दहाव्या दिवशी गुडघा दुखायचा थांबला. गरज वाटायची मात्र थांबेना. दुपारचे चार वाजले की मी खुर्चीत बसून गुडघा चाचपायचो. कुठेतरी दुखत असेलच, नीट शोधलं पाहिजे, असं स्वतःला सांगायचो. एके दिवशी काही केल्या सापडेना, तेव्हा मीच त्याच्यावर एक बुक्की मारली. दारात बायको उभी होती. मग काय लपवणार, कप्पाळ? सगळं सांगून टाकलं. अकरा गोळ्या उरल्यात, त्या घरात आहेत तोवर माझं काही खरं नाही, मला माझीच भीती वाटते, असं म्हणालो आणि चक्क रडलो.

बायको शाळेत गणित शिकवायची. तिने आधी गोळ्या मोजल्या, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "उद्या या घराबाहेर जातील," ती म्हणाली. "आणि तोवर पाकीट माझ्याकडे."

पुढचे दोन दिवस नाक गळत होतं, जांभया येत होत्या आणि मी भिंतींवर चिडत होतो. ते तिने निमूट सोसलं. पाकीट फेकून देता येत नव्हतं, कारण मागे छापलं होतं की कचऱ्यात टाकू नये, पाण्यात सोडू नये, उरल्यास परत करावे. कुठे, ते छापायचं राहिलं होतं.

इस्पितळात औषध देण्याच्या सहा खिडक्या होत्या आणि घेण्याची एक. तिच्यामागच्या कारकुनाने आम्हाला पाहून खुर्ची सरसावली; बऱ्याच वर्षांनी कोणी आलं असावं. त्याने 'शिल्लक नियंत्रित औषध परतीचा अर्ज' काढून दिला. पहिलाच रकाना होता, रुग्णाच्या म्रुत्यूचा दिनांक. मी सवयीने 'म्रु'चा 'मृ' केला आणि रकाना मोकळा सोडला.

"मोकळा चालत नाही," कारकून म्हणाला.

"पण मी जिवंत आहे."

"ते दिसतंय हो मला. पण जिवंत माणसाच्या गोळ्या उरतील कशा? नियमात दोनच प्रकार आहेत. रुग्ण जिवंत असेल तर गोळ्या घेतो, नसेल तर त्या उरतात. तुम्ही कशातच बसत नाही."

शिवाय मी छापील अर्जात खाडाखोड केल्याने तो बाद झाला, हे वेगळंच. कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने वाट दाखवली: उपचार संपले असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. मग त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि नमुना म्हणून एक गोळी काढून घेतली. उरल्या दहा.

डॉक्टरांच्या खोलीत रुग्णाशिवाय कोणाला प्रवेश नव्हता, म्हणून बायको बाहेर बाकावर बसली. डॉक्टर पडद्याकडे पाहत म्हणाले की दुखणं किती, ते एक ते दहामध्ये सांगा. मी शून्य म्हणालो. शून्याचं बटणच नव्हतं. आकडा दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं आणि पान उघडल्याशिवाय प्रमाणपत्र छापता येत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी माझ्या संमतीने एक दाबला. यंत्रातून प्रमाणपत्र बाहेर आलं आणि त्याला जोडूनच तीस गोळ्यांची चिठ्ठीही आली. ती फाडून टाका म्हटलं, तर रुग्णाने उपचार नाकारले अशी नोंद होईल, मग प्रमाणपत्रही रद्द होईल, असं ते कळवळून म्हणाले. उपचार संपल्याचं प्रमाणपत्र मिळण्यासाठी उपचार चालू ठेवणं आवश्यक होतं.

चिठ्ठी दाखवून खिडकीवरून नवं पाकीट घेतलं आणि बाकाशी आलो, तेव्हा बायकोने माझ्या हाताकडे पाहिलं.

"तुम्ही परत करायला गेला होतात की आणायला?"

चार वाजत आले होते. नवं पाकीट मी स्वतःहून तिच्या पिशवीत टाकलं, पण ते सोडायला मला जरा वेळ लागला, हे तिने पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

कारकुनाने प्रमाणपत्र वाचलं, खूश झाला, मग दोन्ही पाकिटांतल्या गोळ्या मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. चाळीस! एका घरात तीसच ठेवता येतात. त्याहून जास्त म्हणजे साठा, आणि साठा ही तपासनिसाची बाब. तपासनीस दुसऱ्याच दिवशी घरी हजर झाला. त्याच्या हुकमाने आमच्या कपड्यांच्या कपाटाला दोन कुलपं लागली. एक किल्ली बायकोकडे, दुसरी त्याच्याकडे. म्हणजे एकट्या माणसाला कपाट उघडता येऊ नये. व्यवस्था इतकी चोख होती की मला मोजे काढायलासुद्धा सरकारची वाट पाहावी लागली.

खरं सांगतो, मला ती आवडली. माझ्यात आणि त्या पाकिटात दोन कुलपं होती. चार वाजता मी कपाटासमोर बसायचो आणि बायको माझ्याशेजारी शब्दकोडं घेऊन बसायची. आडवे शब्द मी सांगायचे, उभे तिने. पाच वाजेपर्यंत निभावलं की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंब काढायची.

तपासनीस मात्र रोज सकाळी दहाला यायचा. बायकोने आपलं कुलूप उघडायचं, त्याने आपलं. मग तो गोळ्या मोजायचा आणि मोजता मोजता त्या कमी व्हायच्या. पहिल्या दिवशी वरिष्ठांच्या मानेसाठी पाच गेल्या. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची दाढ निघाली, मग त्याच्या सासूबाईंचं डोकं, मग वरिष्ठांची मान पुन्हा. वहीत तो 'तपासणीतील घट' असं लिहायचा. बायको गणिताची असल्याने घट तिला कळत होती. तिने रोज त्याची सही घेतली.

एकदा तो तिथेच पाणी मागून स्वतः दोन घेऊ लागला. बायकोने विचारलं, झोपेची गोळीबिळी घेता का. रोज घेतो म्हणाला.

"मग ही घेऊ नका, साहेब. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. झोपेतच थांबतो."

"बाई, हा काय रस्त्यावरचा माल आहे? डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"यांना लिहून दिलंय. तुम्हाला नाही."

"औषध काय नाव विचारून काम करतं?" तो म्हणाला आणि दोन्ही गिळल्या.

ते त्याचं बरोबर होतं. औषध नाव विचारत नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी तपासनीस आपल्या कार्यालयात टेबलावर मान टाकून निपचित पडला. कार्यालयात अधिकारी झोपलेला आहे यात कोणाला काही वावगं वाटेना. लोक येऊन नमस्कार करून जात होते. दोन तासांनी झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्याचे निळे ओठ पाहिले आणि आरडाओरडा केला. इस्पितळात वेळेवर इंजेक्शन मिळालं, म्हणून वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याला विचारण्यात आलं की दुखणं किती, एक ते दहामध्ये सांगा. मान अवघडली होती. घरी जाताना त्याला तीस गोळ्या मिळाल्या.

आमच्या कपाटात एक उरली होती.

चौकशी बसली आणि तपासनिसाची किल्ली आणवून कपाट उघडण्यात आलं. चौकशी अधिकारी फार न्यायी होते. एकोणचाळीस गोळ्या गेल्या कुठे, असा प्रश्न होता. बायकोने तपासनिसाच्या सह्यांची वही पुढे केली. ती त्यांनी काळजीपूर्वक वाचून परत दिली. या गोळ्या घेण्याचा अधिकार कायद्याने फक्त रुग्णाला आहे, ते म्हणाले. दुसऱ्या कोणी त्या घेतल्या असं मानलं तर गुन्हा घडला असं होतं, आणि खात्यात गुन्हा घडत नाही. सबब त्या रुग्णानेच घेतल्या. मी सही करावी, नाहीतर बायकोच्या किल्लीचा विचार करावा लागेल. मी सही केली.

सही संगणकात गेली. पाच दिवसांत एकोणचाळीस गोळ्या! यंत्राने क्षणभर विचार केला आणि कागद काढला: रुग्ण हयात असणे संभवत नाही. दिनांक सोबत जोडला होता.

तो कागद पाहून खिडकीतल्या कारकुनाचा चेहरा उजळला. "आता कसं! आता बसतंय रकान्यात." फक्त अर्ज मयताने स्वतः करायचा नसतो, जवळच्या नातेवाइकाने करायचा असतो, म्हणून त्याने मला दोन पावलं मागे उभं केलं. बायकोने माझ्या मृत्यूचा दिनांक शांतपणे लिहिला. 'मृ' तिने बरोबर काढला. शेवटची गोळी तिने खिडकीतून आत सरकवली आणि पावती मागितली. पावतीवर होतं: मयताकडील एक गोळी पोचली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. इस्पितळाच्या पायरीवर ती माझा हात धरून बसली आणि म्हणाली, चला, मेलात एकदाचे, सुटलो.

तेव्हापासून मी कागदावर मेलेला आणि घरात धडधाकट आहे. कॅलेंडरवर एकशे बारा टिंबं झाली आहेत. चार वाजता अजूनही गुडघ्याकडे हात जातो, नाही असं नाही. पण घरात आता शब्दकोड्याशिवाय काही नाही.

ही हकीकत मी ओळखीच्या पुष्कळांना सांगितली. ऐकताना सगळ्यांनी मान हलवली, सरकारला शिव्या दिल्या आणि शेवटी हळूच एकच गोष्ट विचारली. गुडघा कसा आहे, हे नव्हे. तुम्हीही आता तेच विचारणार आहात. कमरेवरचा हात काढा आधी.

गोळीचं नाव मी सांगणार नाही. आणि तुमच्या कपाटातल्या जुन्या पाकिटावर ते छापलेलं असलं, तर तिथेच शेजारी काय छापलंय तेही वाचा. माझ्या छापखान्यात असतं तर मी ते सुधारलं असतं.