घोडखांदे सरांची मोजणी

"समजा, हा मंडप आत्ता पेटला."

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, घोडखांदे सरांनी हे वाक्य माझ्या काकांना, म्हणजे नवरीच्या बापाला ऐकवलं. काकांच्या हातातल्या अक्षता तिथेच सांडल्या.

"काऊन असं अभद्र बोलून राह्यले, डाक्टरसाहेब?"

"अभद्र कसलं? माणसं चारशे बारा, बाहेर पडायला वाट एक, आणि त्या वाटेत तुम्ही आइस्क्रीमवाला उभा केलाय. मी मोजली ना."

शेवटचं मंगलाष्टक होईस्तोवर आइस्क्रीमवाला हलला, मागची कनात दोन ठिकाणी सोडली गेली आणि आचाऱ्याशेजारचे गॅसचे सिलिंडर मैदानाच्या पार त्या टोकाला गेले. मग सरांनी अक्षता टाकल्या, नवराबायकोला आशीर्वाद दिला आणि पंगतीत बसून बुंदी दोनदा मागून घेतली. जाताना काकांना म्हणाले, "लग्न छान झालं. सगळे बाहेर येऊ शकले असते."

त्यांच्या तोंडून कार्याची याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

मी पत्रकं लिहिते. आमच्या जाम गावच्या चौकात एसटी थांबत नाही म्हणून, नालीवर झाकण नाही म्हणून, झाकण आलं पण नालीच बुजली म्हणून. निषेध करायची मला सवय आहे, आभार मानायची नाही. हा मजकूर लिहिताना मी दोनदा सवयीने वर 'जाहीर' असं लिहून खोडलं आहे. तेव्हा काही ठिकाणी भांडल्यासारखं वाटलं तर माझा नाइलाज आहे.

डॉ. घोडखांदे वर्ध्याकडच्या एका मेडिकल कॉलेजात आपत्कालीन वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. साध्या भाषेत सांगायचं तर, दारात आलेला माणूस पहिल्या तासात मरू नये यासाठी धडपडणारे डॉक्टर, आणि तशा डॉक्टरांना घडवणारे मास्तर. त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांचा विभाग म्हणजे एका बोळात टांगलेला हिरवा पडदा होता. पडद्याच्या अलीकडे ते शिकवायचे, पलीकडे वाचवायचे. त्या बोळाचा पुढे मोठा विभाग झाला. कुठे भूकंप झाला, कुठे पूर आला की सर पथक घेऊन निघायचे. एकदा पुरातून परतल्यावर विद्यार्थ्यांनी विचारलं, काय कमी पडलं, औषधं? सर म्हणाले, "औषधं होती. पेन नव्हता. कोणाला कोणतं इंजेक्शन दिलं ते कोणाच्या लक्षात राहीना." तेव्हापासून त्यांच्या खिशात कायम चार जाड मार्कर. बोलता बोलता मुद्दा पटवायला ते समोरच्याच्या हातावर लिहायचे. कॉलेजच्या एका वरिष्ठ साहेबांच्या मनगटावर त्यांनी 'दोन दरवाजे हवेत' असं लिहिलं होतं आणि साहेब ते आठवडाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून झाकत होते, असं त्यांचे विद्यार्थी शपथेवर सांगतात.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. दुसरी कशी होणार?

आमच्या चौकात एका सकाळी मला रस्त्याच्या कडेला आठ-दहा तरुण मुलंमुली रक्ताच्या थारोळ्यात दिसली. कोणी कण्हत होतं, कोणी किंचाळत होतं. मध्ये एक ढेरपोट्या गृहस्थ हातात घड्याळ धरून शांत उभे! मी धावले. त्यांना जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तेवढ्यात पाय तुटलेली एक मुलगी उठून बसली आणि मला म्हणाली, "ताई, पाणी घ्या, धापा टाकताय."

तो सराव होता. अपघात झाला तर चौक काय करतो, हे सर पाहत होते. माझा संताप डबल झाला. दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं: 'गरिबांच्या चौकात रक्ताचं नाटक कशाला?' तिसऱ्या दिवशी सर स्वतः ते पत्रक घेऊन गजूभाऊच्या चहाच्या टपरीवर हजर. पत्रक लाल मार्करने तपासलेलं.

"ए पत्रक," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी कधीच लक्षात ठेवलं नाही. "चांगलं लिहितेस. चुका तीन. रक्त नव्हतं, आलता होता. नाटक नव्हतं, परीक्षा होती आणि चौक नापास झाला. आणि एवढा कागद घालवलास तर खाली ॲम्ब्युलन्सचा नंबर का नाही छापला?"

मी आवाज चढवला. सर गजूभाऊकडे वळून म्हणाले, "बघ, ही हिरवी."

हे हिरवं-लाल प्रकरण समजल्याशिवाय सर समजायचे नाहीत. एकाच वेळी दहा जखमी झाले आणि गाडी एकच असली तर आधी कोणाला न्यायचं? त्यासाठी मनगटावर पट्ट्या बांधतात. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोड्या वेळाने, हिरवी म्हणजे थांबला तरी चालेल. काळी म्हणजे आता घाई नाही. सरांचा धडा असा: "ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. ओरडायला ताकद लागते. जो गप्प आहे, त्याच्याकडे आधी जा."

आयुष्यभर ओरडून हक्क मागणाऱ्या मुलीला हे ऐकवणं म्हणजे काय, कल्पना करा. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे जो ओरडत नाही त्याला काही मिळत नाही."

"म्हणून तर मला नोकरी आहे," सर म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

त्यानंतर दर रविवारी सर चौकात. गजूभाऊ चहावाला, पंक्चरवाला, संत्री विकणारे, आणि भाजीची टोपली घेऊन बसणारे माझे बाबा, अशी त्यांची शाळा. नाडी बघणं, मान न हलवता माणूस उचलणं, रक्त दाबून धरणं. वर्गाच्या शेवटी पिंपळाखाली सगळ्यांना गोळा करून मोजायचे. "सगळे आले?" हा त्यांचा परवलीचा प्रश्न. मग कोणाला तरी मोजायला लावायचे. तो एकेकाकडे बोट दाखवत मोजायचा आणि हमखास एक कमी यायचा. सर चिडायचे. "स्वतःला कोण धरणार? मोजणारा नेहमी स्वतःला विसरतो. आणि मग त्याला शोधायला कोणी जात नाही!"

बाबा घरी येऊन म्हणायचे, "पाह्य पोरी, मास्तर येडा हाय, पण खोटा नाई."

एकदा त्यांनी सगळ्यांना गिरडच्या टेकडीवर नेलं. वर दर्ग्याला गर्दी असते, तिथे कोणी कोसळलं तर खाली कसं आणायचं, हा प्रश्न. पेशंट म्हणून सर स्वतः स्ट्रेचरवर झोपले. बेशुद्ध पेशंट बोलत नाही, म्हणून तेही बोलणार नव्हते. नव्वद किलोचा ऐवज. अर्ध्या वाटेत आमच्या मंडळींनी स्ट्रेचर अलगद पायरीवर टेकवलं आणि चहा मागवला. गजूभाऊने तर दुसऱ्याच्या हातच्या चहाची चव कशी आहे यावर चर्चाही केली. सर डोळे मिटून पडलेले. खाली पोचल्यावर उठले, मार्कर काढला आणि गजूभाऊच्या हातावर लिहिलं: 'चहा, अकरा मिनिटं. पेशंट वारला.'

आता जे लिहायचं आहे ते हसण्यासारखं नाही.

एका बाजाराच्या सकाळी भाजीची पिकअप गाडी चौकात वळताना एका ट्रॅव्हल्सच्या बसवर आदळली आणि उलटली. गाडीत मागे पाच-सहा जण बसले होते. त्यांत माझे बाबा. मी टपरीवर पत्रकं वाटत होते. धावले. एका माणसाचं डोकं फुटलं होतं, चेहरा रक्ताने माखलेला, आणि तो आभाळ फाटेल असा ओरडत होता. बाबा मात्र चाकाला टेकून बसलेले. अंगावर रक्ताचा थेंब नाही. आजूबाजूला वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या पसरलेल्या.

"बाबा, लागलं का?"

"काई नाई. बसू दे मले. तू त्याले पाह्य."

मी त्याला पाहायला गेले. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तिच्या दारात उभी राहून मीच ओरडत होते, "आधी ह्याला घ्या, आधी ह्याला!" गजूभाऊने मला खांद्याला धरून बाजूला केलं.

"तो हिरवा हाय, ताई. तुह्या बाबाले घेतो."

"बाबांना काही झालं नाही!"

"काऊन नाई? अंग थंड पडलं, घाम फुटला, नाडी लागून नाई राह्यली. दोनदा इचारलं, बोलले नाई." असं म्हणून त्याने बाबांच्या मनगटाला लाल पट्टी बांधली. टपरीवर उकळता चहा टाकून आलेला माणूस तो.

बाबांच्या पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. आतल्या आत रक्त साचत होतं. सरांच्याच विभागात त्यांना नेलं, तिथून थेट ऑपरेशनला. थोडा उशीर झाला असता तर वाचले नसते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डोकं फुटलेल्या भाऊंना टाके पडले आणि ते संध्याकाळी घरी गेले. म्हणजे माझं ऐकलं असतं तर माझा बाप मी माझ्याच आवाजाने मारला असता. हे मी कुठल्या पत्रकात लिहू?

सर बाहेर आले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, "सोड. चौक पास झाला का ते सांग. गजूने मोजले का?"

"मोजले. सगळे आले."

"स्वतःला धरून?"

"धरून."

ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता गजूभाऊला त्यांचा फोन. "चौक कसा आहे?" गजूभाऊ म्हणायचा, "हिरवा, सर." फोन बंद. दोन वाक्यांचा फोन, पण गिऱ्हाइकं त्यावर घड्याळ लावायची.

मागच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सभागृहाच्या बंद असलेल्या दोन दारांवर टीका केली, म्हणजे तब्येत ठणठणीत होती. सिंदीला रेल्वे स्टेशनजवळ त्यांनी छोटं घर बांधलं होतं, तिथे राहायला गेले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. करायच्या वयात ड्यूटी होती, एवढंच सांगायचे.

फोन काही दिवस आला. मग एक दिवस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगते, मला वाटलं, चला, म्हातारा एकदाचा आराम करतोय. मी एका मोर्च्याच्या पत्रकात गुंतले होते. चौथ्या दिवशी बाबा टोपली भरता भरता थांबले.

"पोरी, मास्तर गप्प हाय."

बस्स, एवढंच. मी पत्रक तिथेच ठेवलं. गजूभाऊने टपरी बंद केली, बाबांनी पिशवीत वांगी घेतली आणि आम्ही तिघं सिंदीला गेलो.

दार उघडंच होतं. दाराशी अडचणीच्या वेळेची बॅग: बॅटरी, शिट्टी, बिस्किटं, दोरी. भिंतीवर घराचा नकाशा आणि त्यात बाहेर पडायच्या वाटांचे बाण. खाली सरांच्या अक्षरात 'घरातील व्यक्ती' असा तक्ता. एक नंबरला 'घोडखांदे'. दोन ते सहा, पट्टीने आखलेल्या रिकाम्या ओळी. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. लिंबाच्या झाडाला पाटी ठोकलेली: 'एकत्र जमण्याची जागा'. पाटीखाली प्लास्टिकची एक खुर्ची.

सर पलंगावर बसले होते. दाढी वाढलेली. फोन शेजारी, बंद.

"सर, काय झालं?"

"काही नाही. बरा आहे. बसा."

चाकाला टेकून बसलेल्या माणसाच्या तोंडून मी हे 'काही नाही' आधी ऐकलं होतं. गजूभाऊने न विचारता त्यांचं मनगट धरलं, नाडी पाहिली. "नाडी बरी हाय," तो मला हळूच म्हणाला, "बाकी काई बरं नाई."

"फोन का नाही केला?" मी विचारलं.

"चौक चालला आहे ना. पास झालेल्याची रोज परीक्षा काय घ्यायची?" एवढं बोलून त्यांनी बंद फोन उशीखाली सरकवला.

बाबा पिशवीतली वांगी उगाच खालीवर करत होते. शेवटी मला जे येतं तेच केलं. ओरडले.

"समजा, हे घर आत्ता पेटलं!"

सर ताडकन उठले. बॅग उचलली, बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय हे आठवून त्यांना आधार दिला, गजूभाऊला "गॅस बंद कर" म्हणाले, मला पुढे ढकललं आणि स्वयंपाकघराच्या दाराने सगळ्यांना घेऊन लिंबाखाली आले. धाप लागली होती. घड्याळ पाहिलं.

"पन्नास सेकंद. वाईट नाही." मग, तोंडात बसलेलंच ते, "सगळे आले?"

आमच्याकडे एकेक बोट दाखवत त्यांनी मोजलं. "एक. दोन. तीन."

"चार, डाक्टरसाहेब," बाबा म्हणाले. "तुमाले कोन धरन?"

सर थांबले. मग आपल्याच छातीवर बोट टेकवलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.