मळीचं निव्वळ वजन

चौगुले आबा माणसाला नमस्कार करत नाहीत, त्याचं वजन सांगतात. सकाळी मी दुकानाचं शटर वर करत असतो आणि समोरच्या कट्ट्यावरून आवाज येतो, "एकोणऐंशी. दिवाळीपास्नं दोन किलो चढलायस." बरं, सांगतात ते अचूक. एकदा इरेला पेटून मी दवाखान्यात जाऊन वजन करून आलो. एकोणऐंशीच भरलं. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर भजी खात नाही.

आबांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं काढली. उसाची ट्रॉली लांबून येताना दिसली की हे आकडा सांगायचे आणि मग काटा तोच आकडा दाखवायचा. ड्रायव्हर लोक म्हणायचे, काटा आबांना विचारून बोलतो. आबा निवृत्त झाले, पण सवय कुठली जायला? लग्नात स्टेजवर चढले की अक्षता टाकून मोठ्यानं सांगणार, "नवरी बावन्न, नवरदेव एक्क्याण्णव. सोफा मांडववाल्याचा हाय, दमानं बसा." बारशाला त्यांना बोलवावं की नाही, यावरून आमच्या बावड्यातल्या गल्लीत घरटी एक भांडण झालेलं आहे.

काकी जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी पोरीला घेऊन जर्मनीला गेली. घरात उरले आबा आणि मळी. मळी म्हणजे मांजर. साखर निघाल्यावर मागं जो काळा चिकट पाक राहतो त्याला मळी म्हणतात. हिचा रंग तोच, म्हणून नाव तेच. अंगानं भरलेली, स्वभावानं मालकासारखीच. कुणाला विचारून काही करत नाही.

गेल्या साली लेकीनं आग्रह धरला, तीन महिने तरी येऊन राहा. आबा म्हणाले, मळी येणार असेल तर येतो. मी म्हटलं, "आबा, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मळी आमच्याकडं राहील की."

आबांनी मला आपादमस्तक मोजलं. "तुझ्या घरात? तुझी पोरं बिस्किटावर जगत्यात. ती काय खाईल? ती न्हाय तर मी बी न्हाय. तू कागदाचं बघ."

माझं दुकान ऑनलाइन अर्ज भरायचं. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, लाईट बिल. मांजराचा अर्ज उभ्या जन्मात भरला नव्हता. आधी मांजराच्या मानेत, कातडीखाली, तांदळाएवढी चिप बसवायची. मग रेबीजची लस. मग महिन्यानं रक्त काढून परदेशातल्या लॅबला पाठवायचं आणि त्यानंतर तीन महिने गप बसायचं. म्हणजे परदेशी आबांच्या आधी मळीचं रक्त जाऊन पोचलं. सुई टोचताना तिनं डॉक्टरला, कंपाउंडरला आणि मला, तिघांनाही ओरबाडलं. आबा कौतुकानं बघत होते. "रग हाय पोरीत," म्हणाले. मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं, त्याचं कुणाला काही नाही.

मग मी विमान कंपनीला फोन लावला. तासभर फोनवर नुसती पेटी वाजत राहिली आणि शेवटी एका बाईनं सांगितलं, मांजर प्रवाशाच्या पायाशी, पिशवीत बसून येऊ शकतं. फक्त पिशवीसकट आठ किलोच्या आत पाहिजे. मी धावत आबांकडं गेलो. "आबा, जमतंय. आठ किलोच्या आत पाहिजे, आणि त्यात..."

"वजनाचं तू मला सांगू नकोस," आबा म्हणाले. "मळी सहा किलो सहाशे. चौदाशे ग्रॅम शिल्लक हाईत. जा, चहा सांग."

माझं वाक्य तिथंच तुटलं. मीही म्हटलं, चौतीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला आपण काय शिकवायचं? ही माझी चूक. कबूल करतो.

पिशवी आबांनी उचगावच्या बाबूभाईंकडून शिवून घेतली. बाबूभाई ट्रॅक्टरच्या सीटांची कव्हरं शिवतात. त्यांनी त्याच रेक्झिनची, दुहेरी शिलाईची, दोन्हीकडं जाळी लावलेली पिशवी केली आणि मळीला हेलकावा बसू नये म्हणून तळाला एक फळी सरकवली. पिशवी हातात देताना म्हणाले, "आबा, काळजी नको. मांजर न्हाय, रेडकू घालून न्या."

आदल्या दिवशी पनवेलला माझ्या मेव्हण्याकडं मुक्काम केला. दुपारचं विमान. मळीची फाईल माझ्या काखेत होती, तिच्यातला कागद न् कागद मलाच ठाऊक, म्हणून कंपनीच्या माणसानं पास काढून मला काउंटरपर्यंत आत घेतलं. आबा धोतर, कोट, फेटा अशा थाटात आणि हातात ट्रॅक्टरच्या सीटचं मांजर.

काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. तिनं पिशवी वजनाला ठेवली. आठ किलो पाचशे पन्नास.

"काका, साडेपाचशे ग्रॅम जास्त आहे."

आबा हसले. "बाई, हे भरलेलं वजन झालं. आता ट्रॉली वजा करा की."

"ट्रॉली?"

"पिशवी हो. आधी भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी. वजा जाता ऱ्हातंय ते निव्वळ. उसाचं वजन करताना ट्रॅक्टर कोण मोजतंय?"

"काका, विमानात पिशवीपण उडते ना. सगळं धरून आठ."

आबांचा चेहरा पडला. वजनात चुकलेले आबा मी पहिल्यांदा बघत होतो आणि मला ते बघवेना. ती पोरगी माझ्याकडं बोट करून म्हणाली, नाहीतर मांजर यांच्याबरोबर परत पाठवा. पाच महिने केलेलं सगळं पाण्यात जाणार होतं.

आबा मात्र खाली बसले, पिशवीची चेन एका बाजूनं उघडली, आत हात घालून चाचपलं आणि मळी बाहेर यायच्या आत तळाची फळी ओढून काढली. "साडेतीनशे," म्हणाले. काट्यानं दाखवलं, आठ किलो दोनशे. मग पुन्हा हात घातला आणि मळीच्या अंगाखालून एक लहानशी वाकळ काढली. जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची, हातानं शिवलेली गोधडी. बाळाला पुरेल एवढी. "तीनशे." काटा सात किलो नऊशेवर थांबला.

मुलीनं शिक्का मारला, कागद चाळले आणि सहज विचारलं, "काका, येतानाच्या विमानात मांजर लिहिलेलं नाही. आत्ताच लिहून ठेवू? जागा मोजक्या असतात."

"नको," आबा म्हणाले. "येताना मी एकटाच हाय."

त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. बाजूला आल्यावर मी विचारलं, हे काय आबा, म्हणजे मळी तिकडंच?

"नात बोलंना झालीया रे," आबा म्हणाले. "आठ वर्साची पोर. तिकडं गेल्यापास्नं शाळेत तोंड उघडत न्हाय. मास्तरीण विचारती, हिला बोलता येतंय का न्हाय. हे पिल्लू तिनंच आणलंतं, जायच्या आदी, फ्रॉकात घालून. ऐतवारी फोन आला की मी मळीम्होरं धरतो आन भाईर जाऊन बसतो. तासभर बोलती तिच्याशी. माझ्याशी दोन शब्द."

"मग लेकीला सांगितलंय?"

"सांगितलं असतं तर आणू दिली असती? म्हणाली असती, तुमच्या सोबतीला कोण."

मी फाईल त्यांच्या हातात दिली. हा माणूस पाच महिने त्या मांजरासाठी मला पळवत होता, आणि मी घरी बायकोला सांगत होतो की म्हाताऱ्याला मांजराशिवाय करमत नाही, म्हणून हे सोंग.

आत जायची वेळ झाली. आबांनी पिशवी खांद्याला लावली. फळी माझ्या हातात दिली, म्हणाले, बाबूभाईला परत दे. वाकळ मात्र हातात तशीच धरून थोडा वेळ उभे राहिले. तिला मळीच्या अंगाची ऊब अजून होती आणि सगळीकडं काळे केस चिकटले होते. मग नीट घडी घालून माझ्याकडं दिली.

"घरी माझ्या खाटंवर टाक," म्हणाले. "आन धुऊ नकोस. केस हाईत तिचं, ते ऱ्हाऊ देत."