लढाईच्या आधीचं दार

एका जंगलात धोंडूबा नावाचा धनेश आणि गजराबाई नावाची त्याची बायको राहायची. चोची ह्या एवढ्या मोठ्या, पण स्वतःचं म्हणाल तर घर नाही. आणि गजराबाईचे अंडी घालायचे दिवस जवळ आलेले.

धनेशांची एक रीत असते, बाळांनो. बाई ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. मग नवऱ्याने बाहेरून उंबरं आणायची आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिला भरवायची. लिंपते कशाने? चिखलाने. त्यात आणखी काय कालवते, ते मी सांगणार नाही. हसू नका, तुमचीही दुपटी मी धुतलीत.

सरडा एजंटाने त्यांना भर वस्तीतला बेहडा दाखवला. पाणवठा दोन उड्यांवर, समोर उंबर.

"लढाईच्या आधीचं झाड आहे, वहिनी," सरडा म्हणाला. हत्ती आणि वाघ लढले होते ना, त्याच्याही आधीचं. "असलं लाकूड आता मिळत नाही. आतून सगळं नवं केलंय. भिंतींना लाखेचं पॉलिश. आणि दार केवढं मोठं केलंय, बघा!"

"मोठं कशाला केलंत?" गजराबाईने विचारलं.

"उजेड नको का? कुणा अडाणी बाईने चिखल थापून ठेवला होता. दोन सुतारपक्षी आठ दिवस खरवडत होते."

गजराबाईने दाराच्या खरवडलेल्या कडेवरून चोच फिरवली. तिची आजी याच ढोलीत राहायची.

झाडाची मालकीण होती घोरपड. बुंध्याशी बिळात राहायची. तिच्या अकरा महिन्यांच्या करारात अटी दोनच. दाराला हात लावायचा नाही. आणि मालकीण पाहणीला केव्हाही येईल.

"पाहणी म्हणजे कसली?" धोंडूबाने विचारलं.

"सहज हो. अंडी नीट आहेत का, किती आहेत..." घोरपडीने लांब जीभ बाहेर काढली आणि आत घेतली.

"बाई मायाळू दिसते," धोंडूबा बायकोला म्हणाला.

"जीभ बघितलीत का त्या मायेची? पण घ्या जागा. दुसरी शोधायला दिवस कुठे उरलेत?"

धोंडूबाने करारावर पायाचा ठसा उठवला. गजराबाई आत शिरली आणि लगेच लिंपायला बसली.

"अगं, करार!" धोंडूबा बाहेरून कळवळला.

"करार तुम्ही केलात. अंडी मी घालायचीत. चिखल आणा."

आठवड्याने घोरपड पाहणीला आली. बरोबर सरडा होता, आणि खालची ढोली बघायला आलेली साळुंकीबाई. गजराबाईला फटीतून घोरपडीचा एकच डोळा दिसला. गजराबाईच्या पोटाखाली तीन अंडी होती. ती त्यांच्यावर आणखी दबून बसली.

"माझं दार कुठे गेलं?" घोरपड फुत्कारली. "थांब, फोडतेच आता!" तिने नख लावलं. चिखलाची एक खपली पडली.

"अगंबाई, हे किती जुनं दिसतंय!" साळुंकी म्हणाली.

गजराबाईने झटकन चोच फटीला लावली. "जुनं म्हणजे? लढाईच्या आधीची रीत आहे, बाई. माझ्या आजीने इथेच अस्संच लिंपलं होतं. बाकी सगळी रंगरंगोटी. अस्सल काय ते एवढंच."

सरडा क्षणात चिखलाच्या रंगाचा झाला. "तेच सांगणार होतो! पुरातन दार. मुद्दाम करवून घेतलंय."

साळुंकीने दार हुंगलं. "वाससुद्धा जुना आहे," ती डोळे मिटून म्हणाली. "मलाही असलंच पाहिजे. नाहीतर जागा नको."

"नख काढा, नख काढा," सरडा घोरपडीच्या कानाशी लागला. "झाडाचा भाव वाढतोय."

महिन्याभरात वस्तीतल्या प्रत्येकाने पॉलिश खरवडून चिखल थापला. मग घोरपडीला राहवेना. भाडेकरणीचं दार पुरातन, आणि मालकिणीच्या बिळाला दारच नाही? ती फटीशी येऊन गोड बोलली, "गजरे, मलाही शिकव की गं."

"सोपं आहे, मालकीणबाई. फक्त आत बसून लिंपायचं. बाहेरून लिंपलं की नकली. आणि चांगलं जाड हवं. फट चोचीएवढीच."

"मला कुठे चोच आहे?"

"मग जिभेएवढी ठेवा."

घोरपड आत बसली. दार लिंपलं. उन्हाने त्याचा दगड झाला. फोडून बाहेर यावं, तर सरडा रोज येऊन सांगायचा, "थांबा बाई, भाव अजून चढतोय." मग ती थांबायची. सरडा फटीतून उंबरं द्यायचा, आणि ती जीभ काढून घ्यायची.

जांभळं पिकली तेव्हा गजराबाईने आपलं दार फोडलं. तीन पिल्लं एकामागून एक बाहेर आली आणि समोरच्या उंबरावर जाऊन बसली. पुढे अकरा महिने भरले, करार संपला. पण ढोली रिकामी करा म्हणून सांगायला येणार कोण? मालकीण अजून आतच होती. धोंडूबा-गजराबाईची ढोली त्यांच्याकडेच राहिली, आणि पुढच्या साली साळुंकीने सोडलेल्या खालच्या ढोलीत त्यांची लेक नांदायला आली.

तात्पर्य: घर भाड्याने घेताना मालकाच्या सगळ्या अटी मान्य कराव्यात. मग दार आतून लिंपून घ्यावं. कुणी वासाची तक्रार केलीच, तर तो लढाईच्या आधीचा आहे, म्हणून सांगावं.