रिडन्डंट शब्दावरील स्वारी

वाचणारांनी हातचे काम बाजूस ठेवून हे वर्तमान चित्तात आणावे. कारखाना चादरी धुण्याचा, आणि त्यात इस्त्रीखात्याच्या मुख्य बाईसाहेब, बावीस वर्षांचे चाकरीत कापडावर सुरकुती म्हणून राहू न दिलेल्या. त्यांजवर थोरल्या कचेरीने लिहिलेला, मॅनेजरसाहेबांच्या सहीचा दोन पानी इंग्रजी खलिता आला की, आपली जागा 'रिडन्डंट' ठरली, महिनाअखेरीस भेटावे. बाईंनी कारकुनास अर्थ पुसला. तो नजर चुकवून, मोठा शब्द आहे, इतकेच बोलिला. मग बाईंनी बढती जाहली ऐसे समजून घरी गोडधोड केले, आणि सूनबाईंनी डिक्शनरी उघडली, तो अर्थ निघाला: गरज नसलेली. बाईंचा घास हातातच राहिला.

मग दुसरे दिवशी बाईंनी कंबर कसून हुकूम सोडिला की, रोज सात शब्द जिंकल्यावाचून पंगत बसणार नाही. आणि सूनबाईंस सरलष्कर नेमिले, आणि यजमानांकरवी आरशावर, पिठाच्या डब्यावर, न्हाणीच्या दारावर चिठ्ठ्यांच्या चौक्या बसविल्या. मोहीम बिकट. 'रिलायबल' म्हणजे भरवशाचा आणि 'रिलक्टंट' म्हणजे नाखूष, हे दोघे वेष पालटून फार छळीत. आणि 'व्हिजिलंट' म्हणजे सावध, हे घोकता घोकता एक चादर जळाली. परंतु बाई हटल्या नाहीत. बाविसावे दिवशी 'एक्झेम्प्ट' कैद जाहला, आणि बाईंस स्मरले की हाच गडी खलित्याच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत दबा धरून आहे. पान काढून पाहिले आणि गदगदा हसल्या.

मग महिनाअखेरीस बाईसाहेब काचेच्या केबिनीत दाखल जाहल्या. खलित्याचे दुसरे पान साहेबांपुढे ठेविले.

"साहेब, वाफेच्या इस्त्रीचा दाखला असेल तो एक्झेम्प्ट, असं लिहिलंय. म्हणजे काय हो?"

"म्हणजे त्यांची एक्झाम घ्यायची."

"नाही हो साहेब. त्यांना वगळायचं. आणि तो दाखला इथे माझ्या एकटीकडे आहे."

साहेबांनी थोरल्या कचेरीस फोन लाविला, आणि ऐकता ऐकता चेहरा पडला. मग तह जाहला: बाईंची जागा कायम, खलिता रद्द. आणि साहेबांनी दार लोटून, हळू आवाजात, डिक्शनरी दोन दिवस उसनी मागितली.

"पुस्तक मिळायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी या, रोज सात शब्द."

येणेप्रमाणे बाईसाहेबांची फत्ते जाहली, आणि हे वर्तमान सोमवारी दुपारी, साहेबांच्या पहिल्या धड्यानंतर, दफ्तरी दाखल केले. साहेब पहिले दिवशी सातांपैकी दोन सांगू शकले; बाईंनी कान धरिला नाही, एवढी मेहेरबानी केली.