शेषराव आणि मुका डबा

गरज नसताना जनरेटर चालू करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. घनसावंगीच्या अलीकडे ओढ्यावर आमचं पुलाचं काम चालू आहे. मी काँक्रीटच्या गँगचा मुकादम आणि शेषराव जनरेटरचे ऑपरेटर. ऑपरेटर हा कंपनीचा शब्द. शेषराव स्वतःला त्या जनरेटरचे पालक समजतात.

उन्हाळ्यात कंपनीने बॅटरीचा पांढरा डबा आणला, कपाटाएवढा, चाकांवरचा. हिशेब सोपा होता. सकाळी जनरेटर चालवून डबा भरायचा, मग जनरेटर बंद आणि पंखे, दिवे, वेल्डिंग सगळं डब्यावर. धूर नाही, आवाज नाही. साहेबांनी डब्याला टेकून फोटो काढले. त्या दिवशी आम्हाला कानावर लावायची झाकणंही वाटली होती. फोटो झाल्यावर ती परत गोळा केली. कामगारांची काळजी आमच्याकडे फोटोपुरतीच असते.

शेषरावांना डबा पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता.

"बोलंना ते मशीन कशाचं? मढं हाय मढं!"

डब्याच्या पडद्यावर शंभर टक्के भरल्याचा आकडा दिसला की ते मान हलवत. "शंभर टक्के तं माणूस बी नसतो, मुकादम. खोटं बोलून राह्यलं ते." खंडेनवमीला त्यांनी जनरेटरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढा ठेवला. डब्याला हळदीचं बोटसुद्धा नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "जित्तं हाय का मेलं, ह्येच कळंना. हार कोन्त्या अर्थानं घालू?"

इथवर सगळे हसत होते, मीही. पण दुपारच्या जेवणाला, बॅटरीचा डबा गच्च भरलेला असताना, हा गडी उठून जनरेटर चालू करायचा. त्याच वेळी केदारखेड्याहून लेकीचा, सुमनचा फोन यायचा. खिशात फोन थरथरला की शेषराव धडधडत्या मशीनला खेटून ओरडत, "मशीन चालूय माय! काय बी ऐकू येईना! मी बरा हाय, तू बरी हायस ना? बराबर, बराबर!" आणि फोन बंद. लेकीशी चार शब्द शांतपणे बोलायला काय धाड भरते, असं मला वाटायचं.

मग एकदा मिक्सरची गाडी मागे येत होती. तिचा भोंगा कोकलत होता, मी बोंबलत होतो आणि शेषराव पाठमोरे, ढिम्म. हाताला धरून ओढलं म्हणून वाचले. माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कोनाला बोलू नका, मुकादम," ते म्हणाले. "पोरीला कळलं तं ती उद्याच न्यायला येईल. जावयाच्या दारात भाकरीची वाट बघत बसू का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जनरेटर चालू असला की साइटवर सगळेच बहिरे. सगळेच कानाशी ओरडतात, हातांनी खुणा करतात. त्यात शेषराव खपून जात. या मुक्या डब्याने त्यांना उघडं पाडलं. उभा जन्म त्या धडधडीशेजारी बसवून माणसाचे कान खाल्ले कोणी? कंपन्यांनीच. आणि बहिरा माणूस साइटवर चालत नाही, हा नियमही त्यांचाच. संताप येतो. पण मुकादमाच्या संतापाला विचारतो कोण?

मी खुणांनी त्यांना सांभाळून घेऊ लागलो. पण डिझेल फुकट जळताना इंजिनिअर साहेबांनी एका दुपारी पाहिलंच. ते तरातरा आले, जनरेटर बंद केला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "आता मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पुन्हा दिसलात तर घरी बसा."

साहेब गेले. ओढ्यावर सगळं शांत झालं. आम्ही झाडाखाली भाकरीची फडकी सोडून बसलो होतो. शेषरावांचा खिसा थरथरला. ते उठले, सवयीने बंद जनरेटरला खेटून उभे राहिले आणि ओरडले, "मशीन चालूय माय! काय बी ऐकू येईना!"

फोनचा आवाज त्यांनी पार मोठा करून ठेवलेला. अख्ख्या गँगला सुमन ऐकू येत होती.

"आबा, मशीन तं बंद हाय."

"मी बरा हाय! जेवलो!"

"तुम्हाला ऐकू येत न्हाई, मला ठाऊक हाय, आबा. आई गेली तवाच कळल्तं." ती रडत होती. "तुम्ही नुसतं बोलत राहा. मी तेवढ्यासाठीच फोन करून राह्यले."

"बराबर, बराबर!" शेषराव म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

गँगमधल्या कोणाचाही घास तोंडाकडे जात नव्हता. शेषराव माझ्या शेजारी येऊन बसले, भाकरी मोडली.

"मजेत हाय पोरगी," ते मला म्हणाले. "हसून राह्यल्ती."