अण्णांची भूक

पळसवडीत लग्नाच्या पाहुण्यांची भूक पाहुण्यांच्या एक दिवस आधी येते. दुपार कलली की ती कार्यालयाच्या दारात चपला काढते, आत येऊन सतरंजीवर बसते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपला माणूस येईपर्यंत बसून राहते. भूक दिसते कशी, असं पळसवडीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ज्याची त्याच्यासारखी.

गावाला यात नवल वाटत नाही. उलट सोयच आहे. ज्याला शेकड्यांनी माणसं बोलवायची आहेत आणि खर्चही आवरायचा आहे, तो आदल्या दिवशी भुका मोजून घेतो आणि तेवढाच स्वयंपाक सांगतो. पाहुण्यांचीही तक्रार नसते. रिसेप्शनचं आमंत्रण असलं की आदल्या दिवसापासून तसंही पोटभर कोण जेवतंय?

विश्वनाथ काळोखे यांनी मात्र मुलीच्या रिसेप्शनला भुका मोजल्या नाहीत, तोलल्या. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मोजणीवर त्यांचा विश्वास नव्हता. मोजून नुसता अंदाज निघतो, माप निघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ऋतुजा त्यांची एकुलती एक. माणसं आठशे, पेन्शन बेताची, आणि व्याही मोरबाळे कोल्हापूरकडचे, म्हणजे खाण्यापिण्याच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघणारे. कुठं काही कमी पडलं असतं तर पोरीला ते जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. काळोख्यांना महिनाभर घोर होता तो याचाच.

केटरर शिवलिंग हुक्किरे यांच्याशी त्यांची बोलणी चार बैठकांत झाली. पदार्थ थोडे, पण गरम. भाजी हंगामाची. सुरुवातीला पाणीपुरी, म्हणजे भुकेची पहिली धार तिथंच बोथट होते. ताटल्या लहान. पनीरच्या भाजीला डाव लहान आणि तिथं आपला माणूस उभा. गोडाला जिलबी, कारण जिलबी स्वस्त पडते आणि ताटात जागा मोठी अडवते.

"पंगत घालायची का?" हुक्किऱ्यांनी विचारलं होतं. "अन्न कमी वाया जातं."

"नाही. बुफेच," काळोखे म्हणाले.

"का वो?"

"बुफेत कुणी कुणाला आग्रह करत नाही."

याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी काळोख्यांच्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा पंगतीत जिलबीचं ताट घेऊन ते स्वतः वाढायला निघाले होते. त्यांच्या पत्नीचे, कुमुदचे, थोरले भाऊ निवृत्ती शेलार पंगतीच्या टोकाला बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. काळोख्यांनी जिलबी पुढं केली. अण्णांनी ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "नको." काळोखे पुढं गेले.

एवढंच झालं. अण्णांनी ताक प्यायलं, हात धुतला, आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी गेले ते परत आले नाहीत. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. कुमुदनं नवऱ्याला जाब विचारला तेव्हा ते खरोखरच गोंधळले. "अगं, ते नको म्हणाले," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. दगड एक किलोचा म्हणतोस आणि भरतो कमी, म्हणून आयुष्यभर त्यांनी दुकानदारांना दंड केला होता. माणूस नको म्हणतो आणि त्याचं वजन वेगळंच असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रिसेप्शनच्या आदल्या दिवशी भुका यायला लागल्या. काळोख्यांनी कार्यालयाच्या दाराशी धान्य तोलायचा काटा मांडला होता. भूक काट्यावर उभी राहायची, ते आकडा बोलायचे, हुक्किऱ्यांचा मुनीम लिहून घ्यायचा. मोरबाळ्यांकडच्या भुका जड होत्या, पण शिस्तीच्या होत्या. न बोलावता आलेल्याही दोनचार होत्या. त्या सगळीकडेच असतात, कोपऱ्यात चुपचाप जेवून जातात, त्यांचं कुणी मनावर घेत नाही.

अंधार पडता पडता एक भूक आली. तिनं चपला अगदी कडेला, एकीला एक लावून काढल्या. काट्यावर ती उभी राहिली तेव्हा तिचा उजवा हात पोटापाशी आडवा धरलेला होता.

कुमुदच्या हातातलं अक्षतांचं तबक तसंच राहिलं. "अहो," ती म्हणाली, "ही आमच्या अण्णांची."

काळोख्यांनी काट्याकडं बघितलं. काटा हलला नव्हता. त्यांनी वाकून बघितलं, काट्यावर टिचकी मारली. तरी हलला नाही.

"शून्य," ते म्हणाले. "पुढची."

भूक उतरली आणि हॉलच्या टोकाच्या खांबापाशी जाऊन बसली.

हुक्किऱ्यांनी मुनिमाला थांबवलं. "साहेब, ही रुसल्याली भूक हाय. हिचं आजच बघा काय ते. रुसल्याली भूक हॉलात बसली की बुफेची झाकणं धरत्यात."

"धरतात म्हणजे?"

"उघडत न्हाईत."

"ज्याला वजन नाही त्याची दखल कशी घेऊ? शून्य म्हणजे शून्य."

"तुमची मर्जी," हुक्किरे म्हणाले आणि कांदे आले का बघायला गेले.

कुमुदनं भावाला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. नंतर ती खांबापाशी जाऊन त्या भुकेजवळ बराच वेळ बसली. आल्यावर तिचे डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं. स्टेज सजलं, सनई लावली, ऋतुजा आणि जावई खुर्च्यांवर बसले. माणसं येऊ लागली. प्रत्येकजण सतरंजीवरून आपापली भूक उठवून घेत होता, बरोबर घेऊन अहेराच्या रांगेत उभा राहत होता आणि फोटो काढून झाला की बुफेच्या रांगेत. पाणीपुरीचं टेबल जोरात चाललं, कारण पाणीपुरीला झाकण नसतं. मग पहिल्या पाहुण्यानं पुऱ्यांच्या भांड्याच्या झाकणाच्या मुठीला हात घातला आणि ओढली. झाकण उघडलं नाही.

त्यानं दुसरं भांडं बघितलं. मग मसालेभात. मग वरण.

हुक्किऱ्यांची दोन पोरं धावली. एकानं भांडं धरलं, दुसऱ्यानं झाकण ओढलं. पक्कड आली. झाकणाखाली वाफ कोंडल्याचा आवाज येत होता आणि वास तर सगळ्या हॉलभर पसरला होता, पण फट म्हणून पडत नव्हती. हुक्किऱ्यांनी काळोख्यांकडं एकवार बघितलं आणि पक्कड खिशात ठेवली. "सांगितलं हुतं," असं ते म्हणाले नाहीत, हे त्यांचं चांगुलपण.

रांग वाढत स्टेजपर्यंत गेली, तिथून वळून दारापर्यंत. हातात रिकाम्या ताटल्या. काळोखे रांगेवरून नजर फिरवत होते आणि त्यांना एक गोष्ट दिसत होती जी इतर कुणाला दिसत नव्हती. भुका वाढत होत्या. त्यांनी काल तोलल्या तेवढ्या त्या राहिल्या नव्हत्या. वासानं आणि थांबण्यानं त्या मिनिटागणिक जड होत चालल्या होत्या. नजरेनं वजन ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. मोरबाळ्यांच्या मावशीची भूक तर बघता बघता दीडपट झाली. स्वयंपाक कालच्या मापानं केलेला, त्यात वर एक वाटी नव्हती. अजून थोडा वेळ असाच गेला तर झाकणं उघडूनही अन्न पुरणार नव्हतं.

व्याही जवळ आले. माणूस तोंडानं गोड.

"काळोखेसाहेब, घाई न्हाई काही. फक्त आमची माणसं लांबनं आल्यात, परत जायला गाडी ठरवल्याली हाय. तासाभरात निघायला लागंल. जेवल्याशिवाय निघाली तर घरी काय सांगायचं, तेवढं सांगा."

"दहा मिनिटं द्या," काळोखे म्हणाले.

स्टेजवरून ऋतुजा बघत होती. तिनं नव्या सासूकडं बघितलं, सासूनं घड्याळाकडं. काळोख्यांना आयुष्यात पहिल्यांदा पळून जावंसं वाटलं.

कुमुद त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. झाकणं बसायच्या आधी देवासाठी काढून ठेवलेलं, पाणीपुरी सोडली तर तेवढंच अन्न हॉलात उघडं होतं. वरणभाताची मूद, दोन पुऱ्या, भाजी आणि वाटीत दोन जिलब्या.

"घ्या," ती म्हणाली.

"तू जा. तुझा भाऊ आहे."

"मी काल सांगून बघितलं. माझ्यावर रुसलेली नाही ती. तुम्हीच आग्रह करायला पाहिजे."

"मला येत नाही गं." हे ते अगदी हळू बोलले, आणि खरं बोलले. "समोरचा नको म्हणाला की माझं तोंडच बंद होतं. पुढं काय बोलायचं ते मला माहीत नाही."

"काही बोलू नका मग. पण पुढं जाऊ नका. तिथंच थांबा."

काळोखे ताट घेऊन हॉलच्या टोकाला निघाले. आठशे माणसं आणि त्यांच्या भुका वळून बघत होत्या. खांबापाशी ती भूक मांडी घालून बसली होती, हात आडवाच. ते समोर खाली बसले. गुडघे दुखत होते, तरी बसले. ताट तिच्यापुढं ठेवलं आणि वाटीतली जिलबी उचलली.

"अण्णा, जिलबी घ्या."

"नको," भूक म्हणाली. आवाज अण्णांचाच होता.

काळोख्यांचे पाय उठायला लागले. अकरा वर्षांपूर्वी जसे उठले होते तसेच. त्यांनी ते जमिनीला दाबून धरले.

"एक घ्या."

"पुरे झालं. पोट भरलंय."

दाराकडं गाडीचा हॉर्न वाजला. मोरबाळ्यांकडचा ड्रायव्हर असावा. मागं ताटल्या एकमेकींवर आपटत होत्या. काळोख्यांना वाटलं, झालं, हे उत्तर आहे, उत्तर मिळालं की निरीक्षकानं नोंद करून पुढच्या दुकानात जायचं असतं. ते गेले नाहीत. जिलबीचा पाक त्यांच्या बोटांवरून मनगटावर, तिथून नव्या झब्ब्याच्या बाहीत उतरत होता.

"अण्णा," ते म्हणाले, "त्या दिवशी मी पुढं गेलो. जायला नको होतं. आता पोरीचं लग्न आहे. माझ्यासाठी एक."

भुकेचा हात तसाच आडवा होता. काळोख्यांनी जिलबी त्या हातावरच ठेवली.

भुकेनं थोडा वेळ जिलबीकडं बघितलं. मग हात तोंडाकडं नेला. ती सावकाश, पाक न सांडता जेवली. एकच जिलबी. दुसरीकडं तिनं बघितलंही नाही. वरणभाताला हात लावला नाही. तिची मागणीच तेवढी होती, म्हणून तर काटा हलला नव्हता. मग ती उठली, दाराशी गेली आणि चपला पायात घालू लागली.

हॉलभर झाकणं एकापाठोपाठ एक सुटल्याचा आवाज झाला. वाफ वर गेली. रांग पुढं सरकली.

पुढचा तासभर काळोखे पनीरच्या भाजीपाशी स्वतः डाव घेऊन उभे राहिले. अन्न पुरलं. मसालेभाताचं भांडं शेवटी खरवडावं लागलं, पण पुरलं. मोरबाळ्यांच्या मावशीनं जिलबी तीनदा घेतली आणि गाडी वेळेवर सुटली. व्याह्यांनी निघताना काळोख्यांचा हात हातात घेऊन दाबला.

गर्दी पांगल्यावर दारात एक म्हातारा उभा दिसला. टोपी, इस्त्रीचं धोतर, काखेत पिशवी. त्याच्या मागं ती भूक उभी होती.

"दाजी," अण्णा म्हणाले, "ही इकडं आल्याली. काल दुपारपास्नं माझ्या घशाखाली घास उतरंना, तवाच वळखलं. सकाळी आलो, समोरच्या टपरीवर बसून हुतो."

"सकाळपासून?"

"आत कसं यायचं, म्हणून बसलो. मग मगाशी एकदम पोट भरल्यासारखं झालं. म्हटलं आता हिला घिऊन जावं."

कुमुद आतून धावत आली आणि भावाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. अण्णांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. पिशवीतून ऋतुजासाठी आणलेली साडी काढली, ती पिशवीतच चुरगळली होती, म्हणून तिच्या घड्या सारख्या करत बसले.

काळोखे आत गेले आणि जिलबीचं ताट घेऊन आले. तळाशी थोड्या उरल्या होत्या. त्यांनी एक उचलून पुढं केली.

अण्णांनी आडवा हात धरला. "नको, दाजी. खरंच नको. पोट भरलंय."

या वेळी ते खरं होतं. काळोख्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ती भूक जेवताना बघितली होती. अण्णांना आता कणभरही जागा नव्हती, काट्यावर उभं करून तोलायची गरज नव्हती.

"माझ्यासाठी एक," ते म्हणाले आणि तिथंच थांबून राहिले.

अण्णांनी हात बाजूला घेतला.