मामा गाडीवरून उतरेनात

मुंजाजींना उसण भरली ती सोमवारी सकाळी, स्वतःच्या अंगणात, सुनेला मोटारसायकल डबल स्टँडवर कशी लावायची याचा धडा देताना.

"बघ शिवकन्या, मागचं हँडल असं धरायचं, दम धरायचा आन्..." एवढं बोलून त्यांनी गाडी वर ओढली. गाडी स्टँडवर चढली. मुंजाजींची कंबर मात्र वाकलेली ती वाकलेलीच राहिली. ते तसेच पाच मिनिटं साखळीकडे बघत उभे राहिले.

"काय झालं बाबा?" शिवकन्येने विचारलं.

"चेन बघायलोय. ढिली झाली वाटतंय."

"आता मी लावून बघू का?"

"आज न्हाई. आज सोमवार हाय."

सोमवारचा आणि स्टँडचा काय संबंध, हे शिवकन्येने विचारलं नाही. ती पिशवी घेऊन जीप पकडायला देवगाव फाट्याकडे चालत निघाली.

दोन महिन्यांपूर्वी तिला शेजारच्या गावात पोस्टात नोकरी लागली होती. फाट्यावरची जीप भरल्याशिवाय हलत नसे, त्यामुळे त्या गावचं पोस्ट रोज उशिरा उघडत होतं. तिचा नवरा रामप्रसाद सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो मित्राच्या गाडीवर जायचा आणि घरची गाडी दिवसभर अंगणात उभी असायची. शिवकन्येला गाडी चालवता येत होती. तिने मागितली, तेव्हा मुंजाजी नाही म्हणाले नाहीत. बाईने गाडी चालवू नये असं म्हणणाऱ्यांतले ते नव्हते. ते नियमाचे माणूस होते.

"ज्याला गाडी डबल स्टँडवर लावता येती, त्यानंच चावीला हात लावायचा. बाई असो का बाप्या," त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं.

"आन् उद्या तुमाला न्हाई लावता आली तर?" त्यांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, भाकरी वाढता वाढता विचारलं.

"तर चावी तिची. मी परत गाडीला हात लावणार न्हाई. जबान दिली."

त्या वेळी हे बोलायला त्यांना काहीच वाटलं नाही. पण सोमवारपासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. गाडी गेली म्हणजे फाट्यावरचा चहा गेला, सेलूचा बाजार गेला, बहिणीकडे मनात येईल तेव्हा जाणं गेलं. मग दिवसभर ओट्यावर बसून धुरपदाबाईंना लसूण सोलू लागायचा. मुंजाजींना लसणाचा राग नव्हता, पण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना तो धंदा सुरू करायचा नव्हता.

यात साइड स्टँडने वाचवलं असतं, पण साइड स्टँड त्यांनी स्वतःच काढून टाकलं होतं. गाडी एका बाजूला कलती ठेवणं हे मुंजाजींच्या मते आळशी माणसाचं लक्षण होतं. नवी गाडी घेताना शोरूममधला माणूस ॲव्हरेज सांगत होता, मीटर दाखवत होता. मुंजाजींनी एकच विचारलं, "डबल स्टँड हाय का?" या गाडीला वेगळं बसवावं लागेल, असं तो म्हणाला. मग मुंजाजींनी सेलूतली चार दुकानं पालथी घातली. सगळी स्टँडं त्यांना लेचीपेची वाटली. शेवटी फाट्यावरच्या सिद्धोधन वेल्डरकडून त्यांनी जाड पाइपाचं स्टँड बनवून घेतलं, तेही मापापेक्षा दोन बोटं उंच.

"काका, एवढं उंच केलं तर गाडी चढवताना लय जोर लागंल," सिद्धोधन म्हणाला.

"जोर हाय," मुंजाजी म्हणाले. "आन् ती बाजूची काडी काढून टाक."

"त्याला सेन्सर हाय काका. काढलं तर गाडी चालू व्हायची न्हाई."

"वायर जोड की मग."

सिद्धोधनने वायर जोडली. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात, तेराव्याला मुंजाजी आधी बाहेरच्या गाड्यांमधून एक चक्कर मारत आणि साइड स्टँडवर लावलेल्या गाड्यांच्या मालकांना हुडकून चार गोष्टी सुनावत. सगळ्या भावकीत ही गोष्ट माहीत होती.

सोमवार ते गुरुवार त्यांनी कसंबसं निभावलं. फाट्यावर गाडी हॉटेलच्या भिंतीला टेकवली, मारुतीला गेले तेव्हा खांबाला. संध्याकाळी दारात आले की फोन कानाला लावत आणि गाडीवर बसूनच हाक मारत, "रामप्रसाद, लाव रे जरा, महत्त्वाचा फोन हाय." चार दिवसांत मुंजाजींना इतके महत्त्वाचे फोन आले की धुरपदाबाईंना ते निवडणुकीला उभे राहतात की काय अशी शंका आली.

शुक्रवारी पाथरीच्या अलीकडे त्यांच्या बहिणीच्या, कडूबाईच्या मुलीचा साखरपुडा होता. प्रियांका ही त्यांची एकुलती एक भाची. मामाने हात धरून मुलीला पाटावर आणून बसवायचं आणि मगच कुंकू लावायचं, अशी त्या घरची रीत होती. धुरपदाबाई आदल्या दिवशीच गेल्या. शिवकन्या पोस्टात तोंड दाखवून जीपने परस्पर येणार होती. मुंजाजी एकटे गाडीवर निघाले. स्टँडवरून गाडी उतरवायला जोर लागत नाही, पुढे ढकलली की उतरते. पुढचं बहिणीच्या घराची भिंत बघून घेईल, असा त्यांचा हिशेब होता.

भिंत मांडवाच्या कापडाने झाकलेली होती. कापडापुढे ओळीने पाहुण्यांच्या गाड्या होत्या, सगळ्या साइड स्टँडवर. मुंजाजींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे हेव्याने पाहिलं. माघारी फिरावं म्हणून वळून बघितलं तर मागे आचाऱ्याचा टेंपो येऊन थांबला होता. गाडी लावायला रामप्रसाद इथे नव्हता, तो कामावर होता, आणि दुसऱ्या कुणाला सांगावं तर धुरपदाबाईंना जबान आठवली असती. मुंजाजी दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडीवर बसून राहिले.

कडूबाईचे मालक पंडितराव हात जोडत आले. "या या मामा! उतरा की."

"बसलोय की दाजी."

"गाडीवर?"

"हितं वारं लागायलंय."

पंडितरावांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि बायकोला म्हणाले, "तुझा भाऊ रुसला. वारं लागायलंय म्हणायलाय."

घरातल्या सगळ्यांना कारण लगेच समजलं. कडूबाई डोळ्याला पदर लावतच बाहेर आली. "दादा, चूक झाली. ती मोबाईलवरची पत्रिका. तिच्यात जागाच न्हवती, म्हणून तुझं नाव चुलत्याच्या खाली गेलं."

"माझं नाव खाली हाय?" मुंजाजी म्हणाले.

"म्हंजे तुला माहीत न्हवतं?"

इतका वेळ त्यांच्याकडे गाडीवर बसायला कारण नव्हतं आणि आता बहिणीने ते घरातून आणून दिलं होतं. "माहीत हाय," ते म्हणाले. "म्हणून तर बसलोय." आणि मग त्यांना खरोखरच थोडं वाईट वाटलं.

पण दिलेलं कारण फार टिकलं नाही. पंडितरावांनी जाणती माणसं गोळा केली. मामाला गाडीवरच टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला, टोपी काढून फेटा बांधला गेला. कडूबाई भावाचे पाय धुवायला तांब्या घेऊन आली. मुंजाजींनी उजवा पाय उचलला, गाडी उजवीकडे झुकली, त्यांनी पाय खाली ठेवला.

"एकच धू," ते म्हणाले. "डावा मनातल्या मनात."

"आता तरी उतरा मामा," पंडितराव म्हणाले.

"उतरतो. जरासक बसू द्या."

तेवढ्यात टेंपो जरा मागे घ्यायला लावून मुलाचे मामा दिनकरराव मोटारसायकलवर आले. चांगले धिप्पाड गृहस्थ, पांढऱ्या मिशा. मुलीचे मामा फेटा बांधून गाडीवर बसलेत, हे त्यांनी पाहिलं. त्यांनीही गाडी समोर पाच हातांवर थांबवली, पाय टेकवले आणि इंजिन बंद केलं. उतरले मात्र नाहीत.

"राम राम," दिनकरराव म्हणाले.

"राम राम," मुंजाजी म्हणाले.

दोघेही बसून राहिले.

मुलाकडच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. मुलीच्या मामाला गाडीवर मान आणि आमच्या मामाला नाही, हे बरं दिसत नाही, असं ठरलं. दुसरा फेटा घरात नव्हता. पंडितरावांनी स्वतःच्या डोक्याचा सोडून दिनकररावांना बांधला. तरी दिनकरराव उतरेनात. मुंजाजी उतरल्याशिवाय ते उतरणार नाहीत, असा सगळ्यांनी अर्थ घेतला. दिनकररावांनी तो नाकारला नाही.

मुहूर्त अकरा चाळीसचा होता. साडेअकरा झाले. मुलाचे वडील बाहेर आले आणि सरळ मुंजाजींकडे बघत म्हणाले, "हे बघा पाव्हणं, मुलीचा सख्खा मामा उतरंना, म्हंजे कुठंतरी पाणी मुरायलंय. मुलीचं काही असंल तर आताच सांगा. न्हाईतर आमी आमच्या गाड्या काढतो."

मुंजाजींनी दाराकडे पाहिलं. प्रियांका नवी साडी नेसून चौकटीला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मामाकडेच बघत होती. पोर लहान असताना याच मामाच्या खांद्यावर बसून शेत हिंडली होती, आणि आता मामाच्या स्टँडपायी तिचं लग्न मोडायची वेळ आली होती. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली. चावी गेली तर गेली, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि घसा खाकरला. "तसं काही न्हाई. पोर सोन्यासारखी हाय. खरं सांगायचं म्हंजे..."

एवढ्यात टेंपोच्या बाजूने अंग चोरून शिवकन्या आत आली. तिने सासऱ्याचा फेटा पाहिला, नारळ पाहिला, एक ओला आणि एक कोरडा पाय पाहिला. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, कंबर?"

"सोमवारपासून," मुंजाजी तितक्याच हळू म्हणाले. "चावी तुझी. पण आधी मला खाली उतरव माय."

शिवकन्येने हँडल धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा माझ्यासाठीच थांबले होते. गाडी मी लावायची असं ठरलंय आमचं."

मुंजाजी अलगद उतरले. शिवकन्येने चपलेच्या टोकाने स्टँड खाली घेतलं, त्याचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकलेत का ते बघितलं आणि आपला एक पाय त्यावर ठेवून सरळ उभी राहिली. गाडी गुमान मागे सरकून वर चढली. जाड पाइपाचं, दोन बोटं उंच स्टँड होतं, तरी कुठे ओढाताण झाली नाही.

"हातानं वढायची न्हाई बाबा," ती पुटपुटली. "पायावर आपलं सगळं वजन टाकायचं. माहेरी दुधाचे भरलेले कॅन लावलेली गाडी मीच लावायची."

मुंजाजींनी गेली तीस वर्षं गाडी हाताने वर ओढली होती आणि निदान पन्नास जणांना तसं शिकवलं होतं.

मांडवात मात्र कौतुक सुरू झालं. सून आल्याशिवाय पायउतार न होणारा सासरा कुणी पाहिला नव्हता. मुलाच्या वडिलांनी मुंजाजींचे दोन्ही हात धरले. ज्या घरात सुनेला एवढा मान, त्या घरची भाची डोळे झाकून करावी, असं ते म्हणाले. धुरपदाबाई दारात उभ्या होत्या. सोमवारपासून आलेले फोन त्यांच्या डोक्यात आता एकेक करून जुळत होते, पण ते सगळं त्यांनी घरी जाईपर्यंत राखून ठेवलं.

"चला, आता दिनकररावबी उतरा," पंडितराव बोडक्या डोक्याने म्हणाले.

दिनकरराव हलले नाहीत. त्यांनी बोटाने शिवकन्येला जवळ बोलावलं आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "बाई, माझीबी लावून देती का? साइड स्टँडची स्प्रिंग तुटली, आन् गुडघ्यात जोर न्हाई. घरी पोरगं लावतंय. हितं कुणाला म्हणू?"

शिवकन्येने तीही लावली. मामाने भाचीला पाटावर बसवलं, अकरा चाळीसला कुंकू लागलं आणि जेवणात जिलेबी कमी पडली एवढं सोडलं तर सगळं नीट पार पडलं.

पुढच्या सोमवारपासून शेजारच्या गावचं पोस्ट वेळेवर उघडू लागलं. मुंजाजी ओट्यावर बसू लागले. लसूण सोलताना कंबरेला ताण पडत नाही, हे त्यांनी मनाशी कबूल केलं, धुरपदाबाईंजवळ नाही. फाट्यावर चहाला जायचं झालं तर ते सकाळी सुनेच्या मागे बसून जात आणि येताना चालत येत.

तीन आठवड्यांनी पंडितरावांचा फोन आला. या वेळी तो खरा होता.

"मामा, लग्नाची तारीख निघाली. तिकडच्यांनी मानपान सगळा माफ केलाय. बिलकुल काही नको म्हणालेत. एकच अट हाय."

"कोणती?"

"सूनबाई सकाळी नऊपासून मांडवाच्या दारात पाहिजेत. दिनकररावांनी घरी काय सांगितलं देव जाणे, त्यांचे दोन चुलते, एक मावसा आन् आत्याचे मालक, सगळे आपापल्या मोटारसायकलवर येयलेत. चौघांनीबी वेगवेगळा फोन करून गुपचूप विचारलं, की ती पोस्टातली बाई नक्की येणार हाय का."

मुंजाजींनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "तिला सुट्टी भेटती का बघावं लागंल," ते भारदस्त आवाजात म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आन् मी?"

"तुमीबी या की मामा," पंडितराव म्हणाले. "ती येणार असंल तर."